काहून ते उद्या

शुभांगीचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात एका मुलाला भिंतीला टाचा टेकवून उभं केलं होतं. त्याच्यापुढे रुमाल टाकला होता आणि गुडघे न वाकवता तो उचलायला सांगितलं होतं. मुलगा तोंडावर आपटता आपटता वाचला, वर्ग हसला आणि त्या हसण्यातच फोन वाजला. "सर, आत्या गेली," शुभांगी म्हणाली. शुभांगी म्हणजे मेश्राम मॅडमची भाची, त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी. "दुपारी जेवली. 'चार वाजता उठव, पोट्टे येतील' म्हणून झोपली... पोट्टे आले, ती उठलीच नाही." फोन खिशात ठेवला तेव्हा तो मुलगा अजून जमिनीवरच बसून विचारत होता, "सर, ये हुआ कैसे?" "कल बताऊँगा," एवढंच म्हणालो. नंतर लक्षात आलं, की मॅडमनीही नेमकं हेच उत्तर दिलं असतं.

याला आता सहा आठवडे झाले. रडून लिहावं असं त्यांच्याबद्दल काही आठवत नाही. जे आठवतं त्यात कोणीतरी पडलेलं असतं, कोणीतरी हसत असतं, आणि टेपमधून एक शांत आवाज पुढची सूचना देत असतो.

प्रमिला मेश्राम रायपूरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. कुटुंब मूळ भंडाऱ्याकडचं, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आलेलं. बूढापाऱ्यात तलावामागच्या एका अरुंद गल्लीत भावाच्या घराचा खालचा भाग आणि अंगण त्यांच्याकडे होतं. मी त्यांच्या शाळेचा नव्हतो आणि रायपूरचाही नव्हतो. माझे वडील डोंगरगढला रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, एका जुन्या इस्पितळात मंत्रालय थाटलं गेलं आणि जिकडेतिकडे पाट्यांवरचं राज्याचं नाव खोडून नवीन रंगवणं चाललं होतं, त्या दिवसांत मी बी.एस्सी.ला आलो. निघताना बाबांनी साफ सांगितलं होतं, "पास झाला तं शीक. नाही झाला तं घरी ये, ठेकेदाराले माणसं पाहिजेच हायेत." पहिल्याच वर्षी मी भौतिकशास्त्रात नापास झालो. पूरक परीक्षेला अडीच महिने होते. बुद्धविहारात भेटलेल्या एका काकांनी माझा चेहरा पाहून मॅडमचा पत्ता दिला.

गेलो तेव्हा त्या अंगणात बसून टेपरेकॉर्डरचं झाकण कापसानं पुसत होत्या. "किती मिळाले?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हलका, की मला वाकून ऐकावं लागलं.

"पन्नासातले अकरा."

"बरे हायेत. हे अकरा कशाचे मिळाले?"

"व्याख्यांचे."

"म्हंजे पाठांतराचे. चल, टाचा भिंतीले लाव."

त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावला, समोर रुमाल टाकला आणि बटण दाबलं. कानात त्यांचाच आवाज, पण भरदार, ठणठणीत: "पाय जुळव. टाचा भिंतीला टेकलेल्या राहू दे. आता गुडघे न वाकवता रुमाल उचल." मग नुसती खरखर. मी वाकलो आणि सरळ समोरच्या तुळशीच्या कुंडीवर गेलो. उठतो तोवर कानात आवाज आला, "पडला असशील. लागलं नसेल तर पुढे ऐक." मी दचकून मॅडमकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. ती कॅसेट त्यांनी वर्षभर आधी भरलेली होती! मी पडणार हे त्यांना तेव्हापासून माहीत होतं.

कॅसेटचं कारण त्यांच्या घशात होतं. साठ-साठ मुलींच्या वर्गात ओरडून ओरडून घसा कायमचा बसला होता. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की शाळा सुटल्यावर बोलणं बंद ठेवा. मॅडमनी ते ऐकलं, पण शिकवणं बंद करायचं असं डॉक्टरांनी कुठं म्हटलं होतं? सकाळी घसा जरा मोकळा असे. त्या वेळात त्या कॅसेट भरत आणि संध्याकाळी अंगणात टेप लावून स्वतः गप्प बसत. धडा वाचून दाखवणारी कॅसेट त्यांच्याकडे एकही नव्हती. प्रत्येकीत फक्त अंगानं करायच्या गोष्टी. भरलेली बादली आधी छातीशी धर, मग हात लांब करून धर. डोळे मिटून दोरी गरगर फिरव आणि मी म्हणेन तेव्हा सोड. गोट्यांवर फळी ठेवून तिच्यावर बस आणि वाळूची पिशवी जोरात पुढे फेक. सूचनेनंतर टेपवर हवी तेवढी शांतता सोडलेली असे. ती मोजून सोडलेली असे, कारण प्रत्येक गोष्ट त्यांनी आधी स्वतः, साडी खोचून, करून पाहिलेली असे.

आणि एक कायदा होता. ज्या दिवशी कृती, त्या दिवशी कारण सांगायचं नाही. वहीत फक्त काय झालं तेवढं लिहायचं. कोणी उत्साहानं "मॅडम, जडत्वामुळे..." असं सुरू केलं, की त्या बोट वर करत. "काय झालं ते लिही. काहून झालं ते उद्या." रात्रभर ते डोक्यात घोळायचं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी हात लांब करून बादली धरल्याचा आव आणायचो आणि माझा रूमपार्टनर म्हणायचा, "सो जा भाई, परेड सुबह करना."

या कायद्याची एकदा चांगलीच गंमत झाली. लंबकाच्या कॅसेटमध्ये एक मिनिट झोके मोजायचे होते. भरताना मधेच आतल्या, भाऊ-वहिनींसोबतच्या सामाईक स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली आणि टेपवर राहिली. आम्ही सगळेच शिट्टी ऐकली की मोजणं थांबवायचो, कारण मॅडमच्या टेपवर काही उगीच वाजत नाही हा आमचा विश्वास. आमच्या आधीच्या दोन तुकड्यांनीही तेच केलं होतं. माझ्या वहीत तर लिहिलंच होतं, "शिट्टी वाजताच झोके मोजणे थांबवावे." मॅडमनी ते वाचलं, दोन-तीन वेळा वाचलं आणि आत जाऊन वहिनींना म्हणाल्या, "वहिनी, तुमचा वरणभात तीन वर्षांपासून फिजिक्स शिकवून राहिला ना!" नवीन कॅसेट मात्र भरली नाही. म्हणाल्या, शिट्टीपर्यंतचेच मोजा, वेळ तेवढी घड्याळात पाहून घ्या.

असे तीन-चार आठवडे गेले. एका रविवारी मी फळीवर बसून वाळूची पिशवी फेकत होतो. पिशवी पुढे गेली, मी फळीसकट मागे सरकलो आणि कोणाच्या तरी पायांवर जाऊन आदळलो. मान वर केली तर बाबा. हातात रिकामी पिशवी आणि दोरी. म्हणजे माझं सामान बांधायला आले होते. नापास झाल्याचं मी घरी कळवलं नव्हतं, गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं.

"हे काय करून राहिला बे?"

"फिजिक्स, बाबा."

"हे फिजिक्स? गोट्या खेळाले पाठवलं होतं का तुले रायपूरले?"

अंगणातल्या मुली हसू दाबत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मॅडम उठल्या. "जय भीम, भाऊ. बसा. पाणी घ्या."

"बसत नाही बाई. चारची पॅसेंजर हाये. पोट्ट्याले घेऊन जातो." आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते आधीच ठरवून आले होते.

"घेऊन जा. तुमचाच हाये," मॅडम म्हणाल्या. मी थक्क झालो. त्यांच्याकडून दोन शब्द माझ्या बाजूचे निघतील असं वाटलं होतं. "पण जायच्या आधी माझी एक अडचण हाये. तुम्ही गँगमध्ये ना? मले सांगा, एवढा रूळ सरकवताना आठ माणसांचा जोर एकाच टायमाले कसा लागते?"

"हाकेवर लागते." बाबा नाइलाजानं म्हणाले.

"हाक कोण देते?"

"मीच देतो. बारा वर्षं झाले."

"मले दाखवता का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या मसाला कुटायच्या जड दगडाकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. कपडे वाळत घालायचा बांबू काढला, एक वीट उचलली आणि दगडाजवळ मांडली. "विटेले आम्ही टेकू म्हणतो. टेकू लांब ठेवला तं बाप्पा, दहा जण लावा, हलत नाही. वजनाच्या जवळ घ्या. अजून जवळ." चार मुलींना त्यांनी बांबूच्या टोकाला लावलं. मग जी हाक दिली ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, कारण आम्हाला ते कधी कामावर येऊ देत नसत. "थाम के... दबा के... जाने दे!" दगड चेंडूसारखा कलंडला. मुली किंचाळल्या. बाबांनी वीट लांब सरकवली. "आता करा." दगड ढिम्म. "पाहा. जोर तोच, माणसं तेच." त्यांच्या अंगात काय आलं होतं कोण जाणे. अर्धा तास ते टेकू मागेपुढे करत राहिले, मुलींना रागावत राहिले. "पोरी, हाक संपल्यावर जोर लावला तं काय उपयोग? आवाजावर हात ठेव, आवाजावर!"

मॅडमनी टेपचं बटण कधी दाबलं ते कोणालाच कळलं नव्हतं. सगळं झाल्यावर त्यांनी ते लावून ऐकवलं. बाबा उकिडवे बसून ऐकत होते. "हा मी हाये? असा बोलतो मी?" दोनदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, मले वाटून राहिलं होतं का हे आवाजावर शिकवायचं मीच काढलं. तुम्ही तं बारा वर्षांपासून करून राहिले. ही कॅसेट मी ठेवून घेतली तं चालते ना?"

"ठेवा ना. मले काय करायचं तिचं?"

चारची पॅसेंजर तोवर निघून गेली होती. बाबांनी दोरी गुंडाळून खिशात घातली. "परीक्षा कधी हाये याची?"

"दीड महिना हाये."

"तेवढा राहू द्या मग. पण यावेळी नाही झालं तं..." गल्लीच्या टोकाशी गेल्यावर मला म्हणाले, "बाई चांगली हाये. पण नापासाले चांगल्या बाईनं काही होत नाही."

दीड महिना. माझं सगळ्यात मोठं दुखणं होतं लिफ्ट. हा प्रश्न त्या काळी बहुतेक दर वर्षी यायचा: लिफ्ट वर जाताना माणसाचं वजन किती भरेल? मी जन्मात लिफ्ट पाहिली नव्हती. कुंजीतलं, म्हणजे गाईडमधलं, वाक्य पाठ होतं, वर जाताना वजन जास्त, खाली येताना कमी, आणि तेच लिहून मी आपटलो होतो. मॅडमनी वहीतही माझी तीच चूक पाहिली आणि तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी वजनकाटा आणि टेप पिशवीत घालून मला शंकर नगरला घेऊन गेल्या. तिथे नवीन सहामजली इमारत उभी राहिली होती, राजधानी झाल्यावर निघालेल्या ऑफिसांची. मधल्या तीन दिवसांत त्या एकट्याच येऊन, घड्याळ हातात धरून, त्या लिफ्टमधून वर-खाली करून गेल्या होत्या. चौकीदार त्यांना ओळखूनच होता.

"दीदी, आज फिर? छठे माले पे काम किससे है, ये तो बता दो."

"किसी से नहीं, भैया. जाने का ही काम है."

"और ये काँटा?"

"इसका वजन करना है," माझ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. चौकीदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इसमें तौलने लायक है क्या?" म्हणाला, आणि सोडलं.

मी काट्यावर उभा राहिलो. बावन्न. कानात टेप. "बटण दाब. काट्यावरून नजर हलवू नको." लिफ्टनं झटका दिला, काटा छप्पनपर्यंत उसळला. कुंजी खरी होती! मी खूष झालो. आणि दुसऱ्याच क्षणी काटा मुकाट्यानं बावन्नावर येऊन बसला. लिफ्ट तर वरच चालली होती. दुसरा मजला गेला, तिसरा गेला, काटा बावन्नावरच. मला वाटलं, माझ्या पायांनी मॅडमचा काटा मोडला. तेवढ्यात कानात आवाज आला, अगदी शांत: "काटा परत आला असेल. बिघडला नाही. पाहत राहा." सहावा मजला आला, लिफ्ट थांबता थांबता काटा अठ्ठेचाळीसवर घसरला आणि पुन्हा बावन्न. दार उघडलं. बाहेर फायली घेतलेले दोन साहेब उभे होते. काट्यावर उभा असलेला, घामाघूम, कानात वायर घातलेला मुलगा पाहून ते जिन्यानं गेले.

मॅडम खाली थांबल्या होत्या. माझ्या ओठांवर "काहून" आलं होतं. त्यांनी बोट वर केलं. पण त्या रात्री अंथरुणात, पुन्हा पुन्हा तो काटा डोळ्यांपुढे आणताना, एकदम कळलं, की काटा वर जाण्याला विचारतच नाही, तो फक्त वेग बदलण्याला विचारतो. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन सांगितलं. त्या मान डोलावून नुसत्या "हव" म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. माझ्या आयुष्यात मला स्वतःला सुचलेली ती पहिली गोष्ट होती.

पूरक परीक्षेत लिफ्ट आली. सुरू होताना, समान वेगानं जाताना, थांबताना, तिन्ही विचारलं होतं. मी डोळे मिटले आणि बाकावर बसल्या बसल्या गुडघे आवळले. पर्यवेक्षक येऊन विचारून गेले, "क्या हुआ, पेट ठीक है न?" पास झालो. गुण फार नव्हते, पण पास झालो. स्टेशनावरच्या ओळखीच्या बाबूकरवी बाबांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं ते एका शब्दाचं, "बरं." आईनं नंतर सांगितलं, त्या दिवशी अख्ख्या गँगला त्यांनी आलुगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, खाऊ घातले आणि कारण विचारलं तर म्हणाले, असंच.

पुढे मी एम.एस्सी. केलं, शिक्षक झालो. मॅडम निवृत्त झाल्या, तरी अंगण चालूच राहिलं. बाबांची टेकूची कॅसेट त्यांनी किती तुकड्यांना ऐकवली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कधी कधी एखादी अनोळखी मुलगी मला सांगायची, "सर, वो 'आवाजावर हात ठेव' वाले दादाजी आपके पापा हैं?"

मॅडम गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी मी बाबांना घेऊन बूढापाऱ्यात गेलो. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे रायपूरलाच असतात. त्या गर्दीतही अंगणाच्या कोपऱ्यात सहा-सात मुलं गोट्या आणि फळ्या घेऊन बसली होती. त्यांना जा कोणी म्हटलं नव्हतं आणि या असंही कोणी म्हटलं नव्हतं. शुभांगीची नोकरी दिवसभराची आणि सुट्टी आठवड्यात मधेच एखाद्या दिवशी, ती हताशपणे म्हणाली, "निदान रविवारी तरी येऊ द्या म्हणतात हे. टेप आहे, कॅसेट आहेत, पण समोर कोणी बसायला नको का?" मी मनातल्या मनात माझं वेळापत्रक चाचपत होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी बसतो ना. मले कोणतं काम हाये."

तेव्हापासून दर रविवारी ते पांढरा शर्ट घालून बूढापाऱ्यात जातात. शुभांगीनं सगळ्या कॅसेट मोबाईलवर चढवून दिल्या आहेत, पण मोबाईलवर बटण दाबल्यासारखं वाटत नाही म्हणून ते जुनाच टेप लावतात. घरी आल्यावर मी चेष्टेनं विचारतो, "काय शिकवलं आज?" "मी काय शिकवतो? बटण दाबतो आणि गप्प बसतो."

गेल्या रविवारी मात्र ते आले आणि चपला न काढताच माझ्यासमोर उभे राहिले. "एक सांग. दोन पोरी फळ्यांवर समोरासमोर बसल्या, हाताले हात लावून ढकललं. मोठी जागच्या जागी, बारकी भिंतीपर्यंत गेली. बारकी मले म्हणते, 'दादाजी, दीदी ने ज्यादा जोर लगाया.' मोठी म्हणते, नाही लावला. मले नाही समजलं. जोर कोणाचा जास्त?"

इतक्या वर्षांत बाबांनी मला भौतिकशास्त्रातलं काही विचारलं नव्हतं. उत्तर माझ्या तोंडाशी आलं, आकृतीसकट. मी आत गेलो, मुलीची अभ्यासाची चाकांची खुर्ची ओढून आणली, माझी संगणकाची खुर्ची तिच्यासमोर लावली. "बसा," म्हटलं. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्यांचं वय काय, तुम्ही करून काय राहिले!" तोवर बाबांनी तळवे पुढे केले होते. मी ऐंशी किलोचा, ते पंचावन्नचे. दोघांनी ढकललं. मी जेमतेम हललो आणि बाबा फरशीवरून सुसाट मागे जाऊन फ्रिजला टेकले. फ्रिजवरची बरणी डुगडुगली. माझी मुलगी टाळ्या पिटत आली.

बाबा खुर्चीतच हसत होते. मग हसणं थांबवून स्वतःच्या तळव्यांकडे पाहत बसले. मी न राहवून तोंड उघडलं, "त्याचं असं आहे बाबा, की जोर..."

"थांब, सांगू नको," ते म्हणाले आणि पायांनी खुर्ची रेटत परत माझ्यासमोर आले. "अजून एकदा."